जर्मन हिशेबाने तीन स्टार

टेकचंदभाऊंच्या घराला स्टार नव्हते, आणि साठी उलटेपर्यंत त्यांना त्याची उणीव कधी भासलीही नव्हती. आसगावात घर म्हणजे घर. कुणाचं कौलारू, कुणाचं स्लॅबचं, कुणाच्या दारात गाय, कुणाच्या दारात ट्रॅक्टर. पण ते मुक्कामाच्या लायकीचं आहे की नाही, असं कुणी कुणाला विचारत नाही. पाहुणा आला की सतरंजी पडते, जास्त आले की दोन पडतात. लायकीचा प्रश्न गावात पहिल्यांदा आणला तो टेकचंदभाऊंच्या पोटच्या पोरीने, तोही फोनवरून आणि अगदी लाडात.

तृप्ती जर्मनीत नोकरी करते. तिकडच्याच मातिआस नावाच्या मुलाशी तिचं लग्न झालं, तेही तिकडेच, कचेरीत सह्या करून. यंदा ती नवऱ्याला आणि सासूला घेऊन मंडईला येणार होती. आता मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला भाजी आठवते, म्हणून सांगून ठेवतो. आमच्याकडे दिवाळी आटोपली की गावोगाव आपापल्या ठरल्या दिवशी मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडारीचं लोकनाट्य होतं, आणि त्या गावात ज्याचा ज्याचा सोयरा आहे तो तो न बोलावता हजर होतो. पोरीबाळींची लग्नं तिथेच जुळतात आणि जुनी भांडणंही तिथेच उकरली जातात. थोडक्यात, त्या दिवशी कुठल्याही घरात पाय ठेवायला जागा नसते, आणि तरीही कुणी परत गेल्याचं ऐकिवात नाही.

"बाबा, आम्ही नागपूरले हॉटेलात थांबू," तृप्ती म्हणाली. "मंडईच्या दिवशी सकाळी येऊ अन् संध्याकाळी वापस जाऊ. हॉटेल चांगलं आहे, तीन स्टार. मातिआसची आई तिकडेही तीन स्टारच पाहते."

"अन् घर?"

"घर आहेच ना बाबा. पण त्याईले कायले त्रास, अन् तुम्हालेही कायले."

टेकचंदभाऊ जेवले, पण पानात काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. पोरगी परदेशी गेली हे त्यांनी पचवलं होतं. जावई भात चमच्याने खातो हेही पचवलं होतं. पण पोरगी माहेरी येणार आणि मुक्काम हॉटेलात करणार, हे काही घशाखाली उतरेना. बापाचं घर तिला कमी पडायला लागलं, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो त्यांना फार लागला.

"पोरगी येऊन राहिली ना? मंग झालं," सुलोचनाबाई ताट उचलताना म्हणाल्या. बायकोच्या या समाधानी वृत्तीचा टेकचंदभाऊंना नेहमीच थोडा राग येत असे.

ते पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. राग आला की ते त्याचं पत्र करत आणि त्याला जावक क्रमांक घालत. घर तीन स्टारचं नाही म्हणता ना, तर तीन स्टार म्हणजे काय, ते कोण देतं आणि त्याचे निकष कोणते, याची त्यांनी रीतसर चौकशी आरंभली. निकष कळले की घर त्यात बसवायचं आणि पोरीला कळवायचं. मग ती कोणत्या तोंडाने नागपूरला जाते ते पाहू.

पहिला सल्ला आंधळगावहून आला. तिथे त्यांचा साळा ताराचंद कोसा रेशमाच्या कापडाचा व्यापार करतो आणि बायकोला घेऊन युरोपची सहल करून आलेला आहे. तेव्हापासून तो कुठल्याही विषयावर बोलू शकतो.

"तीन स्टारचं काही सांगू नका भाऊजी," तो म्हणाला. "पॅरिसले तीन स्टारच होतं. मी पलंगावर बसलो की सत्यवतीले बाहेर उभं राहा लागे. इटलीतबी तीन स्टार होतं, तिथं लिफ्ट बंद. पाव असा, की दाताच्या डॉक्टरचा धंदा चालावा. तुमची धानाची कोठी त्याच्यापेक्षा ऐसपैस आहे."

दुसरा सल्ला कुंपणापलीकडून आला. शेजारचा बाबूलाल काही वर्षं दुबईत एका हॉटेलच्या धुलाईखात्यात होता. "तीनवर कायले थांबता?" तो म्हणाला. "तिकडे सात म्हणतेत."

"सात कोण देते?"

"कोण देणार? पाचच्या वर कोणी देतच नाही. मंग आपलेच आपण घेतेत."

टेकचंदभाऊंना हे फार गैर वाटलं. वरिष्ठाच्या सहीशिवाय घेतलेल्या स्टारला काय अर्थ आहे? त्यांनी थेट तृप्तीलाच विचारलं. बाबांनी रुसवा सोडला असं वाटून ती बिचारी मनापासून सांगू लागली. जर्मनीत म्हणे हॉटेलवाल्यांची संघटनाच गुण मोजून स्टार देते, ज्याला हवे त्याने घ्यावे, नको त्याने राहू द्यावे. फ्रान्समध्ये सरकार लक्ष घालतं. इटलीत प्रांताप्रांताचे नियम निराळे. अमेरिकेत कुणी एक संस्था तर चांदणीऐवजी हिरेच वाटते. जर्मन तीन स्टारला जादा उशी मागितली तर मिळाली पाहिजे, सुईदोरा पाहिजे, बुटाचं पॉलिश पाहिजे, आणि पाहुण्याच्या तक्रारीची पद्धतशीर व्यवस्था पाहिजे.

"म्हणजे तिकडचे तीन अन् इकडचे तीन एक नव्हे?"

"नाही बाबा. ते असे ताडून नाही पाहता येत."

फोन ठेवल्यावर टेकचंदभाऊ ओसरीत येऊन बसले. त्यांचा जन्म पाण्याच्या मोजमापात गेला होता. गोसीखुर्द धरणाच्या दारातून सुटलेलं पाणी भंडाऱ्यात मोजा नाही तर बर्लिनमध्ये, क्युसेक तोच. किलो तोच, मीटर तोच. मग एवढ्या शिकल्यासवरल्या देशांना मिळून एक चांदणी ठरवता येऊ नये? की माणसाला परक्या जागी काय लागतं, हेच मुळी देशागणिक वेगळं? एकाला उशी लागते, एकाला लिफ्ट, आणि एखाद्याला फक्त "आले का, या" म्हणणारं कुणीतरी लागतं. विचार बरा होता, पण त्याने तृप्तीचा मुक्काम हलणार नव्हता. त्यांनी चप्पल घातली आणि कागदोपत्री स्टार मिळवण्यासाठी जिल्ह्याची बस धरली.

तिथल्या एका कचेरीत चंद्रकुमार नावाचे साहेब भेटले. माणूस सभ्य होता, त्यामुळे काम होणार नाही हे समजायला वेळ लागला.

"खोल्या किती?"

"दोन. अन् एक धानाची."

"हॉटेलला दहा लागतात. शिवाय तपासणीला वरून समिती येते."

"धान काढलं तर तीन होते."

साहेबांनी पाणी मागवलं. मग समजावून सांगितलं, की राहत्या घराला स्टार नसतातच. घरात पाहुणे ठेवायचे असतील तर घराला चांदी किंवा सोनं असा दर्जा मिळतो.

"चांदी म्हणजे किती स्टार?"

"त्याचं कोष्टक नाही आमच्याकडे," साहेब म्हणाले. "पण आधी ग्रामपंचायतीचं नाहरकत आणा."

ग्रामपंचायतीत अर्ज द्यायला नको होता. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज घेतले, त्याला कधीतरी स्वतःचा देण्याची हौस असतेच. 'राहत्या घरी परगावच्या व्यक्तींना मुक्कामास ठेवणेबाबत' हा विषय मासिक सभेत मोठ्याने वाचला गेला. एका सदस्याने भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे लॉज का?" झालं. संध्याकाळच्या आत आसगावभर बातमी पसरली, की टेकचंदभाऊ लॉज उघडून राहिले.

लॉज हा शब्द आमच्याकडे बसस्टँडमागची गल्ली आणि मळका पडदा घेऊनच येतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, त्या टेकचंदभाऊंच्या घरावरून जाताना बाया पदर सारखा करू लागल्या. भजनी मंडळाने शनिवारची बैठक दुसरीकडे हलवली. पानठेल्यावर एकाने जवळ सरकून हळूच विचारलं, "भाऊ, घंट्याच्या हिशेबानं देता का?" त्या दिवसापासून टेकचंदभाऊंनी पान सोडलं. दातांना बरं असतं, असं ते सांगतात.

एक दिवस पार्वताबाई आल्या. धरणात त्यांचं गाव गेलं, तेव्हापासून त्या मुलासोबत आसगावात राहतात. काठी टेकत त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, निकषांसाठी भाऊंनी आधीच बसवून घेतलेल्या नव्या टाइल्सवरून हात फिरवला.

"लॉज पाहाले आली जी," त्या म्हणाल्या. "चांगलं केलं. माह्या तिकडच्या घराले तुम्हीच लिवलं होतं ना, अर्धं पक्कं म्हणून?"

"तसा नियम होता बाई. मागची भिंत मातीची होती."

"हव, होती ना मातीची. उन्हाळ्यात मी तिथंच पाठ टेकून झोपो. लय थंड राहे."

बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्यांनी चहा घेतला आणि गेल्या. टेकचंदभाऊ मात्र तसेच बसले. पुनर्वसनाच्या दिवसांत भरपाईसाठी त्यांनी घरंच घरं लिहिली होती. भिंती, दारं, छप्पर, परसातली झाडं, सगळ्याला रकाने होते. गारव्याला रकाना नव्हता. यात कुणाचा दोष म्हणावा? गारवा लिहायचा तरी कसा, आणि त्यावर सही कुणाची घ्यायची? जर्मनीतही त्यांच्यासारखाच कुणी लिपिक कागद पुढे घेऊन बसला असेल, आणि मोजता येईल असं काय आहे याचा विचार करता करता त्याला उशी सुचली असेल. त्या अनोळखी माणसाबद्दल टेकचंदभाऊंना माया वाटली. पण तोवर गिझर विकत आणून झाला होता, आणि गिझर आणलेल्या माणसाला मागे फिरता येत नाही.

कागद मिळत नसेल तर न मिळो, घर जर्मन हिशेबाने तीन स्टारचं करायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढच्या खोलीत नवा पलंग आला. पांढरे टॉवेल आले, इतके पांढरे की सुलोचनाबाईंनी ते कपाटात दडवून ठेवले. सुईदोरा आला. बुटाचं पॉलिशही आलं, जरी आसगावात बूट दाराबाहेर काढतात आणि पाहुणा बाहेर येईपर्यंत ते त्याचेच राहतील याची कुणी हमी देत नाही. स्वागतकक्ष म्हणून ओसरीत टेबल मांडून टेकचंदभाऊ स्वतः बसले. राहिली ती तक्रारीची व्यवस्था. तक्रार असल्याशिवाय व्यवस्था तपासता येईना, म्हणून त्यांनी बायकोला एक दिवस पाहुणी केलं.

"आज काही करायचं नाही. आराम करायचा. काही कमी वाटलं तर तक्रार करायची."

"कोणापाशी?"

"माझ्यापाशी."

"अन् माह्या मनात असलेली तक्रार तुमचीच असली तं?" सुलोचनाबाईंनी विचारलं. या शक्यतेचा विचार जर्मन लोकांनी केला आहे की नाही, ते टेकचंदभाऊंना माहीत नव्हतं.

त्या खोलीत गेल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. थोड्या वेळाने उठून त्यांनी चादर झटकली. चादर झटकल्यावर धूळ दिसली, म्हणून झाडू घेतला. मग आतूनच विचारलं, की कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. टेकचंदभाऊंनी मोजल्या नव्हत्या. शेवटी त्या हातात चहाचा कप घेऊन स्वागतकक्षापुढे उभ्या राहिल्या.

"अगं, पाहुणा चहा आणून देत नाही."

"मंग कोण आणते? तुम्हाले तं करता येत नाही."

चहा घेता घेता टेकचंदभाऊंनी चाचणी यशस्वी झाल्याचं मनाशी नमूद केलं. पाहुणीची एकही तक्रार आली नव्हती.

मंडई उजाडली. तृप्तीची गाडी नागपूरहून निघायच्या आत आंधळगावची गाडी पोचली. ताराचंदने खोली पाहिली, "भाऊजी, हे तर पॅरिसच्या वर केलं," असं म्हणून पलंगावर अंग टाकलं, आणि सत्यवतीला उभं राहावं लागू नये म्हणून सरकून जागाही दिली. मग अड्याळचे आले, पवनीचे आले, आणि कुठले ते शेवटपर्यंत न कळलेले तिघे आले. पांढऱ्या टॉवेलांपैकी एक कुणाच्या डोक्याला बांधला गेला, दुसऱ्याने कुणाच्या नातवाचं जिलेबीचं तोंड पुसलं. जादा उशी एकच होती आणि ती मागणाऱ्यांत मारामारी व्हायची बाकी राहिली. स्वागतकक्षावर फराळाची ताटं आली. टेकचंदभाऊ उठून उभे राहिले, कारण त्यांच्या खुर्चीवर अड्याळच्या आत्याबाई बसल्या होत्या.

अशा वेळी तृप्ती उतरली. मागून मातिआस, आणि त्याच्यामागून त्याची आई रेनाटे, उंच, पिकल्या केसांची, कंबरेवर हात ठेवून. सुलोचनाबाईंनी दारात ओवाळलं, लेकीच्या गालावरून पिठाचा हात फिरवला आणि तेल तापलं म्हणून आत गेल्या. दिवसभर त्या आतच होत्या. विहीणबाईंनी मंडई पाहिली, डोळ्यांतून पाणी काढत वांग्याची भाजी खाल्ली आणि दुपारी त्या तीन स्टारच्या खोलीत डोकावल्या. पलंगावर सत्यवती आणि दोन मावश्या आडव्या पडल्या होत्या. त्या न बोलता सरकल्या. रेनाटेबाईंनी क्षणभर विचार केला आणि मधल्या जागेत आडव्या झाल्या. टेकचंदभाऊंनी हे दारातून पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्याही देशात याला एकही स्टार मिळाला नसता.

दिवेलागणीला ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. रेनाटेबाई उठून ओसरीत आल्या आणि तृप्तीशी त्यांच्या भाषेत बरंच काही बोलल्या. टेकचंदभाऊ ताठ उभे राहून निकालाची वाट पाहू लागले.

"काय म्हणून राहिल्या?"

"त्या इथंच थांबतो म्हणतेत."

टेकचंदभाऊ पुढे सरसावले. "कशाने? गिझरने का?"

"रस्त्याने, बाबा," तृप्ती म्हणाली. "येताना त्याईची कंबर धरली. आज पुन्हा गाडीत बसणार नाही म्हणतेत. मातिआसही थांबून राहिला."

कारण काही का असेना, जर्मन माणूस आसगावात मुक्काम करत होता. "बरं झालं," टेकचंदभाऊ म्हणाले. "मंग तूही राहा."

"मी जाते, बाबा."

सासू राहते, नवरा राहतो, आणि पोटची पोरगी हॉटेलात जाते. इतके दिवस मनात कोंडलेलं शेवटी बाहेर आलं. "एवढं का नकोसं झालं तुले हे घर?" ते म्हणाले. आवाज त्यांना वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

तृप्ती उठून सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेली. आत सुलोचनाबाई कढईसमोर बसल्या होत्या.

"आई, चल. हॉटेलात दुसरी खोली तुझ्या-माझ्यासाठी घेतली आहे मी."

"वेडी का काय? घर पाहुण्यानं भरलं आहे."

"ते कधी नसते भरलेलं?" तृप्ती बापाकडे वळली. "बाबा, मी घरी येते तेव्हा आई माझ्याशी इथून बोलते, कढईकडे तोंड करून. मागच्या वेळी एवढी राहिली मी, तर आईची पाठच पाहिली. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, मंडईत आई कशी येईल. म्हणून नाही सांगितलं."

टेकचंदभाऊंनी तसंच म्हटलं असतं. कदाचित लेखी म्हटलं असतं. त्यांनी आत पाहिलं. सुलोचनाबाईंची पाठ त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांच्याही इतकी ओळखीची होती, की तिला एक पुढची बाजू असते हे ते कधीपासून विसरले होते कोण जाणे. घर किती स्टारचं, याची त्यांनी सगळ्या जगात चौकशी केली होती. ज्या बाईच्या जिवावर ते घर चालत होतं, तिला काय लागतं हे विचारायचं राहूनच गेलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"विहीणबाई घरी अन् मी हॉटेलात?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील जी?"

"लॉज म्हणून झालं आहे त्याईचं. आता याहून काय म्हणतील?" टेकचंदभाऊ म्हणाले. "जा तू."

"अन् स्वयंपाक?"

"मी अन् ताराचंद पाहू." ताराचंदने दचकून मान वर केली.

बॅग भरायला टेकचंदभाऊ स्वतः गेले. बायकोची लुगडी कुठे असतात, ते त्यांना बाहेर येऊन विचारावं लागलं.

सकाळी त्यांनी चहा केला. पहिला उतू गेला, दुसऱ्यात साखर राहिली, तिसरा सत्यवतीने केला. रेनाटेबाई ओसरीत कोवळ्या उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या आणि अड्याळच्या आत्याबाई त्यांना आपल्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगत होत्या. दोघींचं उत्तम चाललं होतं. तेवढ्यात टेकचंदभाऊंचा फोन वाजला.

"विहीणबाईंनी चहा घेतला का जी?" सुलोचनाबाईंचा आवाज फार हळू येत होता.

"घेतला. तू घेतला?"

"नाही अजून. उठलीच नाही मी."

टेकचंदभाऊंनी बाहेर पाहिलं. ऊन गोठ्याच्या छपरावर चढलं होतं. लग्न झाल्यापासून ते रोज तिच्या झाडूच्या आवाजाने जागे होत आले होते. "बरं नाही का तुले?" त्यांनी घाबरून विचारलं.

"बरी आहे. तृप्ती झोपून आहे, माह्या हातावर डोकं ठेवून. हात पुरा सुन्न झाला."

"मंग काढून घे ना हात."

"नाही," त्या म्हणाल्या.

टेकचंदभाऊ फोन कानाला लावून उभे राहिले. आत कुणीतरी साखर कुठे आहे म्हणून विचारत होतं. त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली, आणि मग स्वतःचाही आवाज खाली आणला.

"राहू दे मंग," ते म्हणाले.